मुठीचा लाल दोरा

इंदूरच्या आमच्या शाळेच्या अमृत महोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि टेबलावरचं काम तसंच बाजूला राहिलं. समितीने शाळेच्या आठवणी लिहायला सांगितलंय. पण माझ्या आठवणींत शाळा म्हणजे सर. मराठीचे सर. आपल्या वेळच्या मुलांना नाव सांगायची गरज नाही.

1976 चा पावसाळा. मी नववीत होतो. शिपाईमामांची छत्री हरवली. अक्षर बरं म्हणून वाचनालयाशेजारच्या फळ्यावर सूचना लिहायचं काम माझ्याकडे असायचं. मी लिहिलं, ‘सर्व विद्यार्थ्यांस कळविण्यात येते की, शालेय आवारातून एक छत्री गहाळ झाली आहे. तरी सापडल्यास कार्यालयात जमा करावी.’ ‘गहाळ’ शब्द सुचला म्हणून मी खुशीत होतो.

सरांनी वाचलं आणि फळा पुसला.

“तू ती छत्री बघितली आहेस का रे?”

“नाही, सर.”

“मग मामांना विचारून ये.”

मामा घंटेपाशी स्टुलावर बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं. काळी छत्री, जुनी, एक काडी वाकलेली. चाळीत सगळ्यांच्या छत्र्या सारख्याच दिसतात, म्हणून मुलीने मुठीला लाल दोरा बांधून दिला होता. आदल्या संध्याकाळी मामा नंदानगरपर्यंत भिजत गेले होते. अंगावरचा सदरा अजून ओलसर होता.

परत येऊन मी लिहिलं, ‘मामांची छत्री हरवली आहे. मुठीला लाल दोरा आहे, तो त्यांच्या मुलीने बांधला आहे. काल मामा नंदानगरपर्यंत भिजत गेले. कृपया परत करावी.’ सरांनी फक्त शेवटचं वाक्य पुसलं. म्हणाले, “आता हे सांगावं लागणार नाही.” दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी छत्री कार्यालयाच्या खिडकीला अडकवलेली होती. कुणी ठेवली ते सरांनी कधी विचारलं नाही, आम्हालाही विचारू दिलं नाही.

जाहिरातीच्या धंद्यात मी चाळीस वर्षं काढली. त्याची सुरुवात त्या फळ्यावर झाली, असं मी मनापासून मानतो.

अकरावीनंतर या क्षेत्रात जायचं म्हटल्यावर घरी वादळ झालं. वडिलांना बँकेतली नोकरी हवी होती. ‘बोर्डं रंगवणार का?’ असं ते म्हणाले. सर एका रविवारी रामबागेतल्या आमच्या घरी आले. चहा घेता घेता वडिलांना म्हणाले, “आपल्या इंदूरला चित्रकलेच्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकार बेंद्रे शिकले, हुसेन शिकले. त्या हुसेननी मुंबईत सिनेमाची बोर्डंच रंगवली होती. बोर्ड रंगवणं हलकं नसतं, खोटं रंगवणं हलकं असतं.” वडील लगेच काही बोलले नाहीत, पण मुंबईच्या तिकिटाचे पैसे त्यांनीच दिले.

1983 साली मुंबईत पहिली नोकरी लागली ती भाषांतरकार म्हणून. तेव्हा जाहिरात इंग्रजीत सुचायची, इंग्रजीतच मंजूर व्हायची, मग ती मराठीत ‘उतरवून’ द्यायची, तीही संध्याकाळपर्यंत. ‘आपल्या कुटुंबास द्या आरोग्याचे वरदान’ असली वाक्यं मी रोज पाडत होतो. ती वाचून कुणी दुकानात गेलं असेल असं मला वाटत नाही. त्याच काळात जाहिरातकार पीयूष पांडे हिंदीतच विचार करून लिहू लागले आणि बाजारातली, घरातली बोली जाहिरातीत आली. आम्हा भाषेच्या माणसांची मान त्यांच्यामुळे ताठ झाली.

एकदा कपड्यांच्या साबणाचं काम आलं. मी भाषांतर करायला नकार दिला आणि दोन दिवस आठवडी बाजारात जाऊन उभा राहिलो. बायका वडी हातात घेत, अंगठ्याचं नख तिच्यात रुतवून बघत आणि मऊ लागली की परत ठेवत. मऊ वडी पाण्यात लवकर विरघळते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मी तेवढंच लिहिलं, ‘नख लावून बघा.’ ते लिहिताना मला मुठीचा लाल दोरा दिसत होता.

नंतर वाचलं की प्रसिद्ध जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वींनी रोल्स-रॉइसची 1958 सालची जाहिरात लिहिण्याआधी तीन आठवडे त्या गाडीबद्दल वाचण्यात घालवले होते. ताशी 60 मैल वेगाने जाताना गाडीत सगळ्यांत मोठा आवाज घड्याळाचा, हे त्यांना त्या वाचनात सापडलं. त्यांनी ते रचलं नव्हतं. सरांनी मला मामांकडे पाठवलं होतं ते याचसाठी. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी आधी दुकानात, कारखान्यात, स्वयंपाकघरात पाठवतो. विशेषणं घेऊन परत आला की पुन्हा पाठवतो.

आता हे मागे पडत चाललंय, याचं मला फार वाईट वाटतं. पहिल्या पाच सेकंदांत बघणारा पळू नये एवढीच सगळ्यांना काळजी. तीच ओळ आठ भाषांत यंत्रातून काढतात आणि मराठीत ती कशी वाजते हे मोठ्याने वाचून बघायला कुणी थांबत नाही. सरांनी आमचा प्रत्येक निबंध आमच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला. जीभ जिथे अडखळली तिथे ते पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचे. माझ्या वहीत टिंबंच टिंबं असायची. ती वही मी जपून ठेवली आहे.

सरांना मात्र माझी एकही जाहिरात दाखवणं झालं नाही. दर दिवाळीला ठरवायचो, दर दिवाळीला काहीतरी काम निघायचं. ते गेल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं.

इमारतीची रंगरंगोटी चालू आहे आणि सूचना आता फोनवरच जातात, असं समितीतल्या मित्राने सांगितलं. वाचनालयाशेजारचा फळा भिंतीवर अजून आहे, पण तो काढायचा विचार चालू आहे म्हणे. तो काढू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. फळ्याला काळा रंग देण्याचा आणि पुढच्या सगळ्या वर्षांच्या खडूंचा खर्च मी करीन. तसं पत्र कार्यालयाला पाठवलं आहे.