गजबज नको होती, म्हणून बार्रा दे नाविदाद

मेक्सिकोच्या सुट्टीचा विषय निघाला की आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर पहिलं नाव येतं ते कानकूनचं. मनगटाला पट्टा, हॉटेलच्या आवारातच खाणंपिणं, आवारातलाच किनारा, आणि परत. ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर जावं. मला समुद्राबरोबर गावही लागतं. सकाळी कोणी दारासमोर पाणी मारून रस्ता झाडतंय, मुलं गणवेशात शाळेला निघालीत, कोळी जाळी सोडवत बसलेत, असं गाव. त्यात या हिवाळ्यात आई भारतातून आमच्याकडे टेक्सासला आली होती. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला हॉटेल बघायला नेऊ नकोस गं, माणसं दिसतील असं काहीतरी बघ." मग मी मेक्सिकोचा पॅसिफिक किनारा खालपासून वरपर्यंत वाचून काढला आणि शेवटी बार्रा दे नाविदाद या छोट्या गावावर थांबले.

पॅसिफिकच का, तर एक कारण म्हणजे सारगॅसम. २०११ पासून कॅरिबियनच्या, म्हणजे कानकूनच्या बाजूला हे तपकिरी समुद्री शेवाळ ढिगांनी वाहून येतं. कुठल्या वर्षी कमी, कुठल्या वर्षी फार. किनाऱ्यावर ते सडलं की वास सुटतो. पॅसिफिकला तो त्रास नाही. पण पॅसिफिक हा काही लाडाचा समुद्र नव्हे. उघड्या किनाऱ्यावर लाट थेट काठाशी येऊन आदळते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. फोटोत जो किनारा सर्वात सुंदर दिसतो, तिथे पोहता येईलच असं नाही. म्हणून गाव निवडताना मी हॉटेलांचे फोटो बाजूला ठेवले आणि नकाशात उपसागराचं तोंड कुठे आहे, लाट अडवायला डोंगराचं टोक आहे का, एवढंच बघत बसले. आईला समुद्र नुसता बघायचा नसतो, तिला पाय बुडवून उभं राहायचं असतं. गुडघे दुखतात, त्यामुळे चढउतार चालणार नव्हते. आणि ती शुद्ध शाकाहारी.

या चाळणीतून बरीच नावं गळाली. सायुलिता रंगीबेरंगी आहे, तरुण मुलांना आवडेल, पण अरुंद गल्ल्यांतून दिवसभर गोल्फ कार्ट धावतात आणि रात्री संगीत थांबत नाही. तिथून जवळच असलेलं सान पांचो खूप निवांत, मला मनापासून आवडलं असतं, पण तिथली लाट जोरकस. येलापाला पुएर्तो वायार्ता या मोठ्या पर्यटन शहराच्या बाजूने होडीने जायचं, गाव उतारावर वसलेलं, म्हणजे आईसाठी नकोच. त्याच्या उत्तरेला नायारित राज्यातलं चाकाला छोटंसं, शांत पाण्याचं. तिथे मी अडखळले होते, पण गाव इतकं लहान की डॉक्टर, औषधाचं दुकान जवळ हवं असलेल्या घराला जरा अवघड. दक्षिणेकडे ओआहाका राज्यातलं मासुंते वेगळ्या कारणाने मनात राहिलं आहे. १९९० मध्ये बंदी येईपर्यंत तिथली माणसं समुद्री कासवांच्या धंद्यावर जगत होती, आता त्याच गावात कासवांचं केंद्र आहे. पण वाटा चढाच्या, प्रवाह ओढीचे. शेजारचं सिपोलिते कपडे न घालता वावरता येणाऱ्या किनाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे, आईबरोबर तो प्रश्नच नव्हता. सिवातानेहोची ला रोपा ही पुळण पोहायला फार छान म्हणतात. मात्र ते ज्या राज्यात येतं ते गेरेरो अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या 'जाऊ नका' या पातळीवर बरीच वर्षं आहे आणि आमच्या प्रवास विम्याला ते चालत नव्हतं.

राहिलं बार्रा दे नाविदाद. हालिस्को राज्याच्या दक्षिण टोकाला, कोस्तालेग्रे म्हणतात त्या किनारपट्टीवर.

इथेही सुरक्षिततेचं स्पष्ट सांगते, कारण मराठी ब्लॉगांवर हे कोणी लिहीत नाही. जवळचा विमानतळ मान्सानियोचा, तो शेजारच्या कोलिमा राज्यात येतो आणि कोलिमाही त्याच 'जाऊ नका' यादीत आहे. हालिस्को त्याच्या एक पायरी अलीकडे. आम्ही परराष्ट्र खात्याच्या पानावरचा राज्यवार मजकूर शब्द न् शब्द वाचला, विमा कंपनीकडून लेखी घेतलं, आणि दिवसाउजेडीच प्रवास करायचं ठरवलं. तुम्ही जाल तेव्हाचा मजकूर तुम्ही वाचा. पातळ्या बदलतात. विमानतळ ते बार्रा हा अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे. वायार्ताला उतरून २०० क्रमांकाच्या महामार्गाने यायचं तर दोनशेहून जास्त किलोमीटर वळणांचा रस्ता पडतो, चार तास सहज जातात. तो अंधारात करू नये. आणि हाच लांबचा रस्ता बार्राला शांत ठेवतो असं माझं ठाम मत झालं आहे. वायार्ताला उतरलेली गर्दी तासाभरात सायुलिताला पोचते, इथवर येत नाही.

गाव म्हणजे वाळूची एक जीभ. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडीचं संथ पाणी, मध्ये मोजक्या समांतर गल्ल्या. कुठूनही निघा, पाच मिनिटांत पाणी लागतं. सगळं सपाट. आई सकाळी एकटी फिरून यायला लागली हे मला कुठल्याही आलिशान खोलीपेक्षा मोलाचं वाटलं. खाडीच्या धक्क्यावर पांगा उभ्या असतात, पांगा म्हणजे मोटर लावलेली लांबट होडी. त्यात बसून पलीकडच्या कोलिमियाला मासे खायला जातात. हिवाळ्यात खाडीत परदेशी शिडाच्या बोटी नांगर टाकून असतात आणि सकाळी पावाची होडी त्यांच्याजवळ जाऊन ताजे क्रोसाँ विकते. खाडीत मगरी आहेत हे मात्र विसरू नका. मुलांना संध्याकाळी तिवरांच्या काठाशी जाऊ देऊ नका.

पोहायला आम्ही बार्रात थांबलो नाही. तिथली वाळू उतरती आहे आणि लाट काठाशीच फुटते. याच उपसागराच्या दुसऱ्या टोकाला मेलाके आहे, बसने थोडक्या वेळात पोचता येतं. मेलाकेच्या पश्चिम कोपऱ्यात डोंगर लाट अडवतो, पाणी मवाळ होतं. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या खानावळी वाळूवरच आहेत. काही मागवलं की खुर्ची-टेबल दिवसभर तुमचं. मेक्सिकोत समुद्रकिनारा सार्वजनिक असतो, कुठलं हॉटेल वाळूवर मालकी सांगू शकत नाही. आई साडीचा काठ वर धरून गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि शेजारी तिच्याच वयाची एक मेक्सिकन आजी तशीच झगा वर धरून. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी मोठी लाट आली की दोघी एकमेकींचा हात धरायच्या.

बार्राच्या सान अंतोनियो चर्चमध्ये जाच. क्रुसावरच्या येशूचे हात नेहमी दोन्हीकडे पसरलेले असतात. इथल्या मूर्तीचे हात खांद्यातून निखळून अंगाशी लोंबकळत आहेत. १९७१ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला लिली नावाचं चक्रीवादळ आलं, लोक चर्चमध्ये आसऱ्याला जमले, मूर्तीचे हात खाली आले आणि वादळ ओसरलं, अशी गावाची श्रद्धा. हात कोणी परत जोडले नाहीत. वादळाचा ख्रिस्त म्हणूनच त्याला ओळखतात. आम्ही गेलो तेव्हा एक बाई बाकं पुसत होत्या. आई मूर्तीकडे बघत राहिली तशा त्या जवळ आल्या, फडकं बाकावर ठेवलं, स्वतःचे दोन्ही हात आडवे पसरले आणि एकदम खाली सोडले. गोष्ट कळायला तेवढं पुरलं. आईने हात जोडले.

या एवढ्याशा गावाने जगाचं जेवण बदलायला हातभार लावला आहे, आणि मला इथे येण्यात सर्वात जास्त गोडी त्याचीच वाटली. २१ नोव्हेंबर १५६४ रोजी लेगास्पी या स्पॅनिश मोहीमप्रमुखाचा चार जहाजांचा ताफा याच बंदरातून फिलिपीन्सकडे निघाला. त्यातलं सान लुकास हे जहाज ताफ्यापासून वेगळं पडलं आणि लोपे मार्तिन नावाच्या आफ्रिकी वंशाच्या सुकाणूधराने ते पॅसिफिक उलट ओलांडून ऑगस्ट १५६५ मध्ये परत इथेच आणलं. पुढे मनिला-अकापुल्को व्यापार १८१५ पर्यंत चालला. त्या जहाजांवरून आलेल्या फिलिपिनो खलाशांनी कोलिमाच्या किनाऱ्यावर माडाचा रस काढायची कला रुजवली. तो रस आजही इथे 'तुबा' म्हणून विकतात. आपली नीराच, पण पेल्यात वर भाजलेले शेंगदाणे घालतात. विक्रेता खांद्यावर मोठा भोपळ्याचा तुंबा घेऊन फिरतो, तोंडाला कणसाचं बुरकुंड लावलेलं. मान्सानियोत पहिला घोट घेतल्यावर आई थांबली, पुन्हा एक घोट घेतला आणि म्हणाली, "शेंगदाणे कशाला, पण चव तीच." ताजी असेल तर तुबा गोड लागते, दुपार चढली की आंबते, म्हणून सकाळीच प्यावी. इथल्या बाजारातला मनिला आंबाही त्याच वाटेने आलेला. आंब्याचा हंगाम मात्र उन्हाळ्याकडे, हिवाळ्यात जाणाऱ्यांनी त्याची आस धरू नये.

शाकाहाऱ्यांसाठी नीट लिहिते. "सिन कार्ने" (मांसाशिवाय) म्हटलं की पुरतं असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी कार्ने म्हणजे लाल मांस, कोंबडी आणि मासे त्यात धरतच नाहीत. "नी पोयो, नी पेस्कादो" (कोंबडी नको, मासेही नको) हेही म्हणायचं. फ्रिहोलेस म्हणजे घोटलेला राजमा बहुतेक वेळा डुकराच्या चरबीत परततात, म्हणून "सिन मान्तेका" विचारायचं. टोमॅटो घातलेला लालसर भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. मक्याची तोर्तिया, चीज घातलेली केसादिया, भाजलेल्या मिरचीच्या रहास म्हणजे पट्ट्या, निवडुंगाची नोपालेस ही भाजी, काकडी आणि हिकामा या कुरकुरीत कंदावर लिंबू आणि तिखट, यावर आईचं मजेत भागलं. तरी मी स्वयंपाकघर असलेलं घरच घेतलं होतं आणि रात्री खिचडी व्हायची. नळाचं पाणी पिऊ नका. २० लिटरचा गर्राफोन, म्हणजे पाण्याचा मोठा जार, घरपोच मिळतो, रिकामा देऊन भरलेला घ्यायचा.

व्हिसाचं सोपं आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन, जपान आणि शेंगेनच्या व्हिशावरही चालतं. कमाल मुदत १८० दिवस, पण अधिकारी कमी दिवस देऊ शकतो, म्हणून शिक्का मिळाल्यावर तिथेच आकडा वाचा. आईबापांना नेत असाल तर त्यांचा अमेरिकी व्हिसा परत प्रवेश देणारा आहे ना, हे आधी बघा. पैसे रोख पेसोत ठेवा, लहान गावात कार्ड सगळीकडे चालत नाही. जिथे चालतं तिथे यंत्र डॉलर की पेसो असं विचारतं, तिथे पेसोच निवडायचं, नाहीतर दर त्यांच्या मर्जीचा लागतो.

हंगाम चुकवू नका. जून ते ऑक्टोबर पाऊस, दमट उकाडा आणि वादळांचा काळ. ऑक्टोबर २०१५ मध्ये पॅट्रिशिया चक्रीवादळ याच कोस्तालेग्रेवर धडकलं होतं. नाताळ ते नववर्ष आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा या काळात हालिस्कोची राजधानी ग्वादालाहारा अख्खी इथे उतरते, शांतता शोधत असाल तर ते दिवस टाळा. मेलाकेत मार्चमध्ये १७ तारखेच्या आधीपासून संत पॅट्रिकची जत्रा असते, बँड आणि शोभेच्या दारूसकट. मधला जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. दुपारी २८ अंशांच्या आसपास, रात्री पातळ चादर पुरते.

घर घेताना समुद्राची बाजू आणि खाडीची बाजू यांत मी खाडीची बाजू सुचवेन. समुद्राकडच्या खोल्यांत रात्रभर लाटांचा दणका ऐकू येतो. काहींना तो हवा असतो, आईला झोप लागली नसती. पुढच्या वेळी मी थोडं उत्तरेला ला मान्सानियातही (हे विमानतळाच्या मान्सानियोपेक्षा वेगळं गाव) काही रात्री राहणार आहे. तिथला उपसागर आणखी मवाळ आहे आणि मगरींसाठी राखलेल्या तिवरांच्या जंगलातून फिरायला वाट आहे. आईला मात्र मार्चमधली जत्राच बघायची आहे, त्यामुळे तारखांवरून आमच्या घरात बोलणी चालू आहेत. कोणी ला मान्सानियाला राहून आलं असेल तर तळमजल्यावरचं, स्वयंपाकघर असलेलं घर जरूर सुचवा.