पेशन्स लोडर आणि जावयाचं ते पत्र

आपल्याकडे कुळवृत्तांत काढतात ना, जाडजूड, त्यात बायकांच्या वाट्याला एखादी ओळ आली तरी खूप, त्यामुळे अमेरिकेतल्या युटाच्या मॉर्मन (हा तिकडचा एक ख्रिस्ती पंथ) घराण्यांचे इतिहास वाचायला लागले तेव्हा मला भारी हेवा वाटला. तिकडे बायकांनी स्वतःच बसून पानंच्या पानं लिहून ठेवलीयेत. त्यातली माझी सगळ्यात लाडकी म्हणजे पेशन्स लोडर.

जन्म १८२७, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरचं ॲस्टन रोवंट हे खेडं. वडील जेम्स एका बड्या जमीनदाराकडे माळी. घरातले एकेक करून मॉर्मन झाले, आणि त्या काळी मॉर्मन झालं की पुढची पायरी ठरलेलीच, सगळं विकून युटाला जायचं. १८५५ च्या डिसेंबरात लिव्हरपूलहून बोट धरली आणि न्यूयॉर्कला येऊन राहिले.

इथे गोची झाली. चर्चकडे पैसे कमी पडत होते, म्हणून चर्चप्रमुख ब्रिगहॅम यंगने ठरवलं की गरीब लोकांनी बैलगाड्यांऐवजी हातगाड्या ओढत यायचं. आयोवा सिटीपर्यंत रेल्वे, तिथून युटातल्या सॉल्ट लेक सिटीपर्यंत साधारण २१०० किलोमीटर पायी, आणि मोठ्या माणसाला सामान किती, तर १७ पौंड, म्हणजे आठ किलोसुद्धा नाही. अंथरूण-पांघरूण, कपडे, सगळं धरून!

पेशन्सने बहिणीच्या नवऱ्याला, जॉन जेक्सला, पत्र लिहून आपली नाराजी कळवली. आजारी आई, वय झालेले वडील, ह्यांनी गाडी कशी ओढायची? अगदी रास्त प्रश्न होता हो. पण जावईबापू लिव्हरपूलला चर्चच्या पत्रिकेत कामाला, त्यांनी तिचं पत्र आणि आपलं खरमरीत उत्तर दोन्ही छापूनच टाकलं, सासऱ्याची श्रद्धाच ढिली पडली असा सूर लावून. घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर! जेम्सच्या ते फार जिव्हारी लागलं, म्हणाला आता रस्त्यात मेलो तरी बेहत्तर पण गाडी ओढत जाणारच.

आणि झालंही तसंच.

ह्यांची मार्टिन कंपनी, म्हणजे हातगाडीवाल्यांचा तांडा, निघाली तीच उशिरा, जुलैच्या शेवटी. गाड्या ओल्या लाकडाच्या, कोरड्या हवेत चाकं खिळखिळी व्हायची. सप्टेंबर संपता संपता नेब्रास्कात जेम्स गेला. पेटीला फळ्या कुठून आणणार, गोधडीत गुंडाळून पुरला, आणि वडिलांच्या अंगावर पडणाऱ्या मातीचा आवाज मी विसरणार नाही असं पेशन्स लिहिते. मी त्या पानाच्या पुढे त्या दिवशी गेलेच नाही.

१९ ऑक्टोबरला नॉर्थ प्लॅट नदी पार केली आणि त्याच दिवशी बर्फ सुरू झाला. पुढे एका सकाळी पोरी गारठून पांघरुणातून बाहेरच येईनात, तेव्हा आई एमी, जी न्यूयॉर्कहून निघताना आजारी म्हणून काळजीत टाकत होती, ती उठली आणि चक्क नाचायला लागली! पोरींना हसवायला. नवरा जाऊन जेमतेम महिना झालेला. युटाहून मदतीच्या गाड्या आल्या म्हणून बाकीचे तरले, तरी पावणेसहाशेतले शंभरावर वाटेत गेले. त्यात जेक्सची चिमुकली फ्लोरापण होती, कारण तो स्वतः ह्याच तांड्यात बायकोमुलांना घेऊन चालत होता, सॉल्ट लेक आठवड्याभरावर असताना ती गेली. आता त्या माणसाला काय बोलणार, मला तर रागही धड धरता येत नाही.

पेशन्सचं पुढचं आयुष्य पण भन्नाट आहे. मॉर्मनांना वठणीवर आणायला अमेरिकेने युटात जे सैन्य पाठवलं होतं त्यातल्याच एका हंगेरियन सार्जंटशी, जॉन रोझाशी, हिने लग्न केलं! अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याच्यामागे पार वॉशिंग्टनपर्यंत गेली, १८६६ मध्ये युटाला परतताना तो वारला, मग हिने मुलं वाढवली, खाणकामगारांच्या खाणावळीत स्वयंपाक केला, परत लग्नही केलं.

आणि म्हातारपणी हे सगळं लिहून काढलं, स्पेलिंगचा पार बट्ट्याबोळ, पूर्णविराम शोधून सापडत नाही. पण जावयाच्या त्या पत्राने वडिलांना काय झालं ते मात्र बाईने नीट, सविस्तर नोंदवून ठेवलंय.