ट्रॉलीपासून वाघिणीपर्यंत : आमची वाटचाल

लातूरच्या एमआयडीसीत वडिलांनी शेड टाकली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि डाळमिलचे एलेव्हेटर बनवायला. पगार आजही त्यातूनच निघतात. नॅरोगेज रेल्वेच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, दुरुस्तीला खूप नंतर आल्या, पण शेडमधली सगळ्यात उजेडाची जागा आता त्यांची आहे.

इंग्रज अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी गेजची (रुळांमधल्या अंतराची) बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. इथल्या आडतीवरचा माल येडशी, बार्शी करत कुर्डुवाडीला जायचा आणि तिथे उतरवून पुन्हा मोठ्या गाडीत भरावा लागायचा. त्यामुळे २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झालं ते बरंच झालं. पण त्या लोंढ्यात जुने डबे भंगारात गेले, ते नको होतं व्हायला.

आमच्याकडे आलेली पहिली वाघीण एका शेतातल्या आखाड्यावर कडबा ठेवायला वापरत होते. मालकांना फक्त कुजलेला पत्रा बदलून हवा होता. खालचा गंज खरवडला तेव्हा सांगाडा दिसला आणि आम्ही बघतच राहिलो. अँगल-चॅनेल जोडून केलेला नव्हे, पोलादी पत्रा प्रेसखाली दाबून घडवलेला. कॅलथ्रॉपनी सगळ्या गाड्यांना दर आसाला (ॲक्सलला) पाच टनांची मर्यादा घातली होती. हलक्या रुळांवर भरपूर माल न्यायचा तर डब्याचं स्वतःचं वजन कमी हवं, म्हणून ही घडण. एवढा विचार करून केलेली वस्तू कटरखाली घालायला आमचा हात धजेना. मालकांना समजावलं, तेही मानले.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे : रिव्हेटच्या जागी रिव्हेटच. वेल्डिंग स्वस्त पडतं, झटपट होतं, हे आम्हालाही माहीत आहे. रोज तेच करतो. पण पातळ पत्रा उष्णतेने वाकतो, आणि जुन्या पोलादात गंधक-फॉस्फरस जास्त असेल तर सांध्याच्या कडेला तडा जातो. रिव्हेट भट्टीत लालबुंद करायचा, भोकात घालायचा, एकाने मागून डॉली, म्हणजे टेकूचा जड लोखंडी ठोकळा, दाबून धरायची, दुसऱ्याने डोकं ठोकून बसवायचं. थंड होताना तो आकसतो आणि दोन्ही पत्रे घट्ट आवळून धरतो. हे हातात बसायला पोरांना महिने लागले. कमानपाट्यांसाठी मात्र लांब जावं लागलं नाही, ट्रकचे पाटे बसवणारे आमच्या गल्लीतच आहेत.

रंगाबाबत आम्ही हट्टी आहोत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासत नाही. पाणी मारून, मास्क लावूनच. एका कोपऱ्यात जुने थर तसेच ठेवतो. पुढे कुणाला मूळ रंग शोधायचा झाला तर पुरावा हवा ना! आरशासारखी चकचकीत वाघीण हवी असेल, तर ते काम आम्ही नम्रपणे नाकारतो. खड्डे पडलेला पण शाबूत पत्रा आम्ही बदलत नाही. गंज थांबवतो, प्रायमर मारतो, पाणी साचणाऱ्या जागी वाट काढून देतो.

सध्या एका वाघिणीच्या बोगीचं, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्याचं, काम चालू आहे आणि तिला आसपेट्या (आसाची टोकं ज्यात फिरतात त्या पेट्या) मिळत नाहीत. येडशी, ढोकी, मुरूड भागात कुणाच्या वाड्यात, गोठ्यात जुन्या गाडीचा एखादा भाग पडलेला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला एकदा दाखवा. विकायचा नसला तरी चालेल. मापं घेऊन, साचा काढून जसाच्या तसा परत पोचवू.