नवऱ्याची ढेरी गेली, माझ्या मांड्या तिथेच

आधी एक गोष्ट क्लिअर करते, 'पोटाची चरबी सगळ्यात जिद्दी असते' हे जे दर दुसऱ्या रीलमध्ये कुणीतरी ओरडून सांगत असतं ना, ते निम्मंच खरं आहे. आणि जे निम्मं खोटं आहे तेच नेमकं आपल्या कामाचं आहे.

कारण पोटात दोन वेगवेगळ्या चरब्या राहतात. एक कातडीखालची, साडी नेसली की कमरेला जिची वळी दिसते, चिमटीत धरता येते ती. दुसरी आत, पोटाच्या स्नायूंच्याही मागे, आतड्यांना धरून, लिव्हरच्या आजूबाजूला, तिला डॉक्टर लोक व्हिसरल फॅट म्हणतात आणि ती चिमटीत येत नाही. ज्यांची ढेरी पुढे आलेली असते पण हात लावला तर टणक लागते आणि हातपाय मात्र काटकुळे, त्यांच्यात ही आतली जास्त. ठाणे स्टेशनला सकाळी फास्ट लोकलची वाट बघत उभे असलेल्या चाळिशीतल्या पुरुषांकडे एकदा बघा, बॅग पुढे लटकवलेली आणि ती बॅग ढेरीवर आरामात टेकलेली. आमचे साहेब त्यातलेच.

आता गंमत अशी की ही आतली चरबी तब्येतीला सगळ्यात वाईट, शुगर, बीपी, हार्ट सगळ्यांशी तिचं साटंलोटं, पण जायला तीच सगळ्यात सोपी. आणि मांड्या, नितंब इथली चरबी बिचारी कुणाचं फार वाकडं करत नाही, उलट संशोधकांच्या मते ती थोडी संरक्षणच देते, पण ती हलता हलत नाही. म्हणजे जी जायला हवी ती आधी जाते आणि आपल्याला जी घालवायची असते ती सगळ्यात शेवटी. बायका दोन महिने मरमर करतात, आरशात फरक दिसत नाही, वैतागून सोडून देतात, आणि आत तोपर्यंत चांगलं काम सुरू झालेलं असतं ते कुणाला कळतच नाही.

असं का होतं ते मी बरंच वाचलं, म्हणून सोप्यात सांगते. आपण चालतो, पळतो, उपाशी असतो तेव्हा अॅड्रेनलिनसारखी हार्मोन्स रक्तातून चरबीच्या पेशींपर्यंत जातात. पेशीवर ह्या हार्मोन्सचा निरोप घेणारे दोन प्रकारचे रिसेप्टर असतात, बीटा आणि अल्फा टू. बीटा म्हणतो सोड चरबी, अल्फा टू म्हणतो थांब, धरून ठेव. आतल्या पोटाच्या पेशींवर बीटाचा जोर असतो, मांडी आणि नितंबांवर, खास करून बायकांच्या, अल्फा टूचा. वर इन्सुलिन चरबी बाहेर पडायला जो ब्रेक लावतं तो आतल्या चरबीवर कमी लागतो. म्हणून ती पटकन सुटते. आणि सुटलेले फॅटी अॅसिड्स पोर्टल व्हेन म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला जाणाऱ्या रक्तवाहिनीतून थेट लिव्हरकडे जातात, म्हणून तर ती धोक्याची. जो तिचा दोष तोच तिचा गुण आहे बघा. आतली चरबी म्हणजे रोजच्या डब्यातलं पीठ, कधीही हात घालून काढायचं, आणि मांडीची म्हणजे माळ्यावर ठेवलेली गव्हाची कोठी, गरोदरपण आणि बाळाला दूध पाजायचे महिने ह्यांच्यासाठी राखून ठेवलेली. आता आमच्याकडे बाळ दहावीला आहे हे शरीराला कोण सांगणार.

तर आमच्या घरी झालं असं की नवऱ्याच्या ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन आलं, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठायला लागलेली. डॉक्टर म्हणाले घाबरू नका पण वजन उतरवा. मग दोघांनी एकत्र सुरू केलं. दोन वेळाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं ह्या वादात मी पडत नाही, त्यावरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन काका अजून एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही साधंच केलं, चहाबरोबरची खारी आणि बिस्किटं बंद, भात निम्मा, डाळ-उसळ-अंडी जास्त, रात्रीचं जेवण लवकर, सकाळी उपवनला तलावाभोवती भरभर चालणं आणि घरी डंबेल्स. त्याची रविवारची मामलेदारची मिसळ मी बंद केली नाही, कारण केली असती तर सगळंच बंद पडलं असतं.

काही आठवड्यांनी नवरा नौपाड्यातल्या टेलरकडे जुन्या पँटी घेऊन गेला, मी सोबत होते. टेलरकाकांची ती लाल वही असते ना, त्यात ह्याचं पान निघालं, कंबर, सीट, मांडी, मोरी सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. त्यांनी टेप गुंडाळली, आत एक बोट घातलं, वहीत बघितलं, परत टेप लावली आणि म्हणाले, "साहेब, कंबर दीड इंच आत घेतो, मांडी आहे तशीच राहू दे, ती काय हलली नाय." आणि घरच्या वजनकाट्यावर जेमतेम दोन किलो गेले होते! इथे माझी जीन्स कमरेत मागून फटफटीत सैल आणि मांडीत मात्र दोन्ही पाय घालताना तोच जुना व्यायाम. नवरा म्हणतो, "अगं तू नीट करत नाहीयेस." म्हटलं, तुझ्या टेलरला विचार कोण नीट करतंय.

पण हे समजून घ्या, आतली चरबी आधी जाते म्हणजे किलोमध्ये तीच जास्त जाते असं नाही. आतली मुळात असतेच कमी, पुरुषांत एकूण चरबीच्या साधारण १० ते २० टक्के आणि बायकांत त्याहून कमी, त्यामुळे काट्यावर जे उतरतं त्यातलं बरंचसं कातडीखालचंच असतं. फक्त तिच्या स्वतःच्या मानाने आतली झपाट्याने घटते, आणि हे सुरुवातीच्या थोड्या वजनात जास्त दिसतं, पुढे फरक कमी होत जातो. आणि व्यायामाने तर काटा जागचा हलला नाही तरी आतली चरबी कमी होते. लिव्हरमधली तर सगळ्यात चपळ. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल युनिव्हर्सिटीने २०११ साली टाइप टू डायबेटिसच्या ११ जणांना दिवसाला फक्त ६०० कॅलरीवर ठेवलं होतं, पहिल्या आठवड्यातच लिव्हरची चरबी साधारण ३० टक्क्यांनी घसरली. हे घरी करायला जाऊ नका, ते डॉक्टरांच्या देखरेखीत होतं, ६०० कॅलरीत आपला एक वडापाव आणि एक कटिंग घेतला की उरतं काय. पण साध्या पद्धतीनेसुद्धा वजनाच्या ५ टक्के गेले तरी लिव्हरची चरबी कमी होते, ८० किलोच्या माणसाचे ४ किलो. लिव्हरला सूज वगैरे असेल तर ७ ते १० टक्के लागतात.

आता आपल्या लोकांची वेगळीच भानगड आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! दिसायला दोघंही सडपातळ. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडच्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून बघितली, आपली सरासरी २.७ किलोची आणि त्यांची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत कमतरता होती स्नायूंची, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे आपण जन्मापासूनच बारीक दिसून आतून चरबीवाले. म्हणून 'तो किती बारीक आहे, त्याला कशी शुगर?' हा आपल्या प्रत्येक लग्नात ऐकू येणारा प्रश्न बंद करायला हवा, आणि म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, बाहेरच्यांसारखा २५ नाही.

असंही मानतात की कातडीखालची जागा ही चरबी साठवायची सुरक्षित जागा, ती भरली की मग उरलेली आत, लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये घुसते. जपानचे सुमो पैलवान बघा, केवढे अवाढव्य, पण रोजचा दणकून सराव चालू असतो तोपर्यंत त्यांची बरीचशी चरबी कातडीखालीच असते, आत त्या मानाने कमी. ह्याची उलटी बाजूही बघितली गेलीय. २००४ सालीच अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांच्या पोटावरून लायपोसक्शनने साधारण दहा-दहा किलो चरबी ओढून काढली आणि दोन-तीन महिन्यांनी तपासलं तर शरीर इन्सुलिनला कितपत दाद देतं ह्यात ढिम्म फरक नाही, कारण काढली ती बाहेरची, आतली जिथल्या तिथे. लाखभर रुपये मोजायचा विचार करणाऱ्यांनी हे आधी वाचावं. ड्रेस बसेल, रिपोर्ट नाही सुधारणार.

आणि ते 'मांडीचे पाच व्यायाम, मांडीची चरबी गायब' प्रकरण. १९७१ साली अमेरिकेत टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले होते, खेळायचा हात स्नायूंनी जाड झालेला, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांत सारखीच. वर्षानुवर्षं एकाच हाताने रॅकेट मारूनही! मग दिवसाला शंभर वेळा पाय वर करून मांडी काय ऐकणार. स्नायू बनतील, ते चांगलंच आहे, चरबी मात्र शरीराला जिथून वाटेल तिथून जाणार. उपवनला एक काका भर मे महिन्यात जॅकेट घालून आणि पोटाला पट्टा आवळून चालतात, घामाच्या धारा, मला त्यांची खरंच काळजी वाटते. घामातून पाणी जातं हो काका. १० किलो चरबी जळते तेव्हा त्यातली ८.४ किलो श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते आणि बाकीची १.६ किलो पाणी होऊन. पट्टा फक्त पुरळ आणतो.

माझ्या वयाच्या बायकांसाठी अजून एक. पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन घटतं आणि मग इतकी वर्षं मांड्यांकडे जाणारी चरबी पोटाकडे वळायला लागते, आतसुद्धा. 'खाणं तेच आहे गं, पण पोट कुठून आलं' हे भिशीत आता दर महिन्याला कुणी ना कुणी म्हणतंच. ही त्यांची कल्पना नाहीये, खरंच तसं होतं. आणि खरं सांगू, हे कळल्यापासून मांड्यांवरचा माझा राग थोडा कमी झालाय, तिथे आहे तोवर बरं आहे म्हणायचं.

ब्राउन फॅटबद्दल पण विचारतात लोक. ती वेगळीच, कॅलरी जाळून उष्णता करणारी, मानेत आणि कॉलरबोनच्या वर थोडीशी असते, मोठ्या माणसांत ती काम करते हे २००९ मध्ये स्कॅनवर पक्कं झालं. पण ती चेतवायला थंडी लागते. ठाण्यात. पुढे बोलत नाही.

मोजायचं असेल तर काटा आणि आरसा दोन्ही सोडा, टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध, कपड्यावरून नाही, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता (नवरा ओढतोच). आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही हद्द धरतात. महिन्यातून एकदा बास, रोज टेप लावून काही होत नाही, चिडचिड होते फक्त.

नवऱ्याची पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे, फराळ झाल्यावर का ठेवली ते त्यालाच माहीत. रिपोर्ट आला की टाकते. माझ्या जीन्सची चौकशी कमेंटमध्ये करू नये, एक साइज मोठी घेतलीय आणि कमरेला बेल्ट लावतेय.