रायगडची यादी पुढे सरकली : शिरढोण ते सासवणे

रायगड जिल्ह्यातले पुतळे आणि स्मारकं एकेक करून बघायची माझी यादी आहे, ही त्यातली पुढची फेरी. पनवेल सोडलं की गोवा हायवेला लागून शिरढोण येतं. वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म इथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. हायवेवरून सुसाट जाणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव गाड्या इथे थांबत नाहीत, त्यामुळे वाडा आणि स्मारक आरामात बघता येतं. इंग्रजांविरुद्ध बंड करून एडनच्या तुरुंगात १८८३ साली वारलेला माणूस, आणि त्याचं घर टोलनाक्यांच्या रस्त्यालगत. सकाळी लवकर गेलात तर फोटो नीट येतात. बाराच्या उन्हात कुठल्याही पुतळ्याचे डोळे काळ्या खोबणीत जातात, हे पुतळ्यांचे फोटो काढणाऱ्या सगळ्यांनी सोसलेलं आहेच.

माझा एक नेम आहे : पुतळा दिसला की आधी चौथऱ्याला प्रदक्षिणा. कोनशिलेवर उद्घाटक, प्रमुख पाहुणे, नगरसेवक, कधीकधी ठेकेदारसुद्धा सापडतो. शिल्पकार मात्र बहुतेक वेळा गायब. ब्राँझचा पुतळा असेल तर पायांजवळ, घोड्याच्या खुराशी किंवा वस्त्राच्या मागच्या काठावर कोरलेली सही शोधायची. टॉर्च बाजूने, तिरकी मारली तर रंगाखाली बुजलेली अक्षरंही उठून दिसतात.

पेणच्या अलीकडे हमरापूर-जोह्यात थोडा वेळ रेंगाळलो. गणपतीच्या कारखान्यांत रंग न दिलेल्या मूर्तींच्या रांगा बघणं मला रंगवलेल्या मूर्तींपेक्षा जास्त आवडतं. कारागिराचा हात तिथेच कळतो.

वडखळवरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की पोयनाडच्या बाजूला चरी गाव. २७ ऑक्टोबर १९३३ ला इथे सभा झाली आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची, जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. संप १९३९ पर्यंत चालला. पंचवीस गावं, भातशेती बंद, लोकांनी मोळ्या विकून दिवस काढले. १९३४ मध्ये बाबासाहेब इथे येऊन गेले. एवढ्या मोठ्या लढ्याचं स्मारक शोधायला रस्ता विचारावा लागतो. भोवतालची भाताची खाचरं जरूर बघा, भांडण त्यांच्यासाठीच होतं.

अलिबागेत कान्होजी आंग्र्यांच्या समाधीला धावती भेट दिली. शनिवारची गर्दी, पार्किंगची बोंब.

आता सासवणे. खरं तर सगळा खटाटोप याच्यासाठी. मांडव्याच्या अलीकडचं हे गाव, आणि इथे शिल्पकार विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकरांचं राहतं घर म्हणजेच शिल्पालय. १८९१ चा जन्म. वडील गणपती करायचे. गोष्ट अशी सांगतात की पोराने गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर घोड्यावरच्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं, ते कलेक्टर ऑटो रॉथफील्डने पाहिलं आणि त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडलं. पुढे पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला १९२८ चा अश्वारूढ पुतळा याच माणसाने केला, माझगाव डॉकमध्ये ओतून. आपल्या गावोगावच्या चौकांतले अश्वारूढ महाराज बघताना तो पुण्यातला पुतळा आठवतोच.

अंगणात आणि घरात बरंचसं काम सिमेंटचं आहे. सिमेंट म्हणजे पाण्याची टाकी, फार तर गच्ची, अशी आपली समजूत. तिथली म्हैस बघा. सिमेंटचा काळपट करडा रंग तिला उपजतच शोभतो; सूर्य कलला की पाठीचा फुगवटा आणि हाडांचे उंचवटे वेगळे दिसू लागतात. ‘शंखध्वनी’ समोर मी सगळ्यात जास्त वेळ उभा होतो. फुंकर मारताना छातीत आणि गळ्यात जो ताण येतो तो तिथे आहे. माणसांच्या चेहऱ्यांत ओळखीची गावची माणसं भेटतात. कोळणीपासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांकडे करमरकरांनी सारख्याच लक्षाने पाहिलेलं आहे, आणि हे मोठ्या सरकारी संग्रहालयात मला क्वचित जाणवतं.

हात लावायचा मोह होतो, लावू नका. फ्लॅशही नको, बाजूच्या खिडकीचा उजेड पुरतो. जायच्या आधी वेळ विचारून घ्या.

जाता जाता एक : घोड्याचा एक पाय वर असला तर स्वार जखमी, दोन असले तर रणात पडला, हा ‘नियम’ कृपया पसरवू नका. दोन पाय उचललेला घोडा उभा करायचा तर वजनाचा प्रश्न असतो, म्हणून बऱ्याचदा शेपटी जमिनीला टेकवून तिसरा आधार देतात. शेपटी बघा, गुपित तिथे असतं.

पुढे महाड : चवदार तळं आणि क्रांतिस्तंभ. परतताना चिरनेरचं १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं स्मारक. करमरकरांची सही असलेला पुतळा कुणाच्या गावात, शाळेत किंवा पालिकेच्या आवारात असेल तर चौथऱ्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. समोरचा माझ्याकडे चिक्कार आहे.