बंदीतली थाळी

जुलैत गोव्याला मासे खायला जाणं म्हणजे वैशाखात हुरडा मागण्यासारखं आहे, असं आमच्या कोल्हापुरात कुणीही सांगेल. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते. माशांच्या विणीचा काळ, त्यात खवळलेला दर्या. तरीही किनाऱ्यावरच्या हॉटेलांत तेव्हा इसवण आणि पापलेट मिळत असतातच, बर्फातले किंवा परराज्यातून ट्रकने आलेले. 2018 च्या जुलैत गोव्यात मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याच्या संशयाचं प्रकरण गाजलं आणि बाहेरच्या मासळीची आवक काही दिवस बंद झाली, तेही याच बंदीच्या दिवसांत. तेव्हापासून पावसाळ्यात जाड रव्याच्या कवचातला मासा समोर आला की माझा हात आखडतो. रव्याखाली काहीही खपतं.

पेडण्याचा एक मित्र मात्र हट्टाला पेटला होता. "पावसातच ये. आणि शॅकवर जेवायचं नाही."

आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीला गोव्यात शिरलो. घाटाबद्दल लिहीत नाही. आंबोलीच्या धबधब्यावर वाचण्यासारखं पुष्कळ आहे आणि आम्हाला धुक्यात तो दिसलाही नाही. पेडणे तालुका 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, त्याआधी तो सावंतवाडीकरांचा. इथे घरात कोकणी आणि देवळात, शाळेत, दशावतारात मराठी, आणि बोलता बोलता माणसं एकीतून दुसरीत कधी जातात ते त्यांनाही कळत नाही.

मित्र घेऊन गेला ते शापोरा नदीच्या काठी, आगरवाड्याकडे. उन्हाळ्यात इथे मिठागरं चालतात. आता सगळीकडे नुसतं पाणी आणि भाताची रोपं. रस्त्याला पाटी नाही. कौलारू घर, पुढे तुळस, ओसरीवर झडीसाठी बांधलेलं निळं प्लास्टिक आणि त्यामागे चार टेबलं. स्वयंपाक सासूबाईंचा, म्हणजे काकींचा, वाढायचं काम सुनेचं, नारळ फोडायचे आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या हे सासऱ्यांचं. मुलगा मासे आणतो.

"कितें नुस्तें आसा?" मित्राने विचारलं.

"शेवटे आहेत, सुंगटं आहेत, तिसऱ्या आहेत," काकी माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या. "चणक होता तो सकाळीच गेला. इसवण नाही हां, आधीच सांगते."

शेवटे हे खाडीतले मासे, सुंगटं म्हणजे कोळंबी, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, आणि चणक म्हणजे रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच. चणक हुकल्याची हळहळ जेवण संपेपर्यंत राहिली.

हे सगळं येतं मानशीवरून. नदीकाठच्या खाजन शेतांना खारं पाणी लागू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दारं मिटतात; ओहोटी लागली की आतलं पाणी रेटा देऊन ती उघडतं. त्या बाहेर धावणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी जाळं लावायचं. मानशीवर मासे धरायचा हक्क गावात लिलावाने जातो, आणि ज्याने बोली जिंकली त्याच्याकडून मुलगा पहाटे टोपली उचलतो. ओहोटी रात्री दोनला असेल तर दोनला. अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी, म्हणून तेव्हा मासळीही जास्त.

स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर लटकत होतं. अमावस्या-पौर्णिमेवर मुलाने पेनाने गोल केले होते. एकादशी, संकष्टी आणि सगळे सोमवार काकींच्या ताब्यात. त्या दिवशी घरात शिवराक, म्हणजे मासे-मांसाविना जेवण. सोमवारी तर टेबलंच लागत नाहीत. "आणि सोमवारीच पौर्णिमा आली तर?" मी विचारलं. सासरे हसले. "मग मासे शेजारी खातात, आम्ही वास घेतो."

श्रावणात आणखी पंचाईत. घरचे चवथीपर्यंत माशाला शिवत नाहीत, पण गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? तेव्हा काकी न चाखता रांधतात. मीठ हातावर, आंबट वासावर. "चुकत नाही का?" यावर त्यांनी उत्तर दिलं नाही, सुनेने दिलं: "श्रावणातलंच जास्त चांगलं होतं." सासू-सुनेत यावरून काहीतरी जुनं असावं.

थाळी आली. उकड्या तांदळाचं शीत, सुंगटांचं हुमण, तिसऱ्यांचं सुकं, तळलेला शेवटा, किसमूर, सोलांची कढी. शेवट्याला रवा नव्हता. मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ आणि तांदळाच्या पिठाचा हात, बस. कातडी कुरकुरीत, आत पांढरं मांस आणि चिखलातल्या माशाचा तो किंचित मातकट वास. सगळ्यांना आवडेल असं नाही, मला आवडला.

हुमणाच्या पहिल्या घासाला मी जरा गोंधळलो. आमच्याकडे रस्सा म्हटलं की कांदा-लसूण मसाला, वर तर्रीचा तवंग. इथे ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद यांचं गंधासारखं बारीक वाटण आणि आंबटाला आंबाड्याची फळं. तिखट जिभेला लागतच नाही, घशाशी गेल्यावर कळतं. "तिरफळं नाहीत यात?" माशाच्या कालवणातला हा कोकणी मसाला मला ठाऊक आहे, या फुशारकीने मी विचारलं. काकींनी हातातला डाव खाली ठेवला.

तिरफळं बांगड्याला, तारल्याला. तेलकट मासा, त्याचा उग्रपणा मोडायला ती हवीत, आणि त्याला आंबट सोलांचं. सुंगटांना तिरफळ घातलं तर सुंगटांची गोडी मेली. त्यांना पावसात आंबाडे, उन्हाळ्यात कैरी, काहीच नसेल तर बिंबलं. कांदा सुंगटांना चालतो, बांगड्याला नाही. तिरफळ वाटायचं नाही, बी काढून नुसतं ठेचायचं आणि शेवटी टाकायचं. हे सगळं त्यांनी मला एका दमात ऐकवलं, शाळेत पाढे म्हणून घेतात तशा स्वरात, आणि मग "आनीक शीत जाय?" म्हणत उत्तराची वाट न पाहता वाढलं.

किसमूर मात्र मी तीनदा मागून घेतली. मे महिन्यात वाळवून ठेवलेला जवळा भाजायचा, कुस्करायचा, त्यात ओलं खोबरं, कांदा, थोडी चिंच. पावसाळ्यात दर्या बंद आणि बाजार लांब, म्हणून सुकी मासळी, सोलं, मीठ हे सारं उन्हाळ्यातच भरून ठेवायचं ही किनाऱ्यावरची जुनी रीत. ट्रॉलरबंदीचा कायदा नंतर आला. या घरांनी पावसाळ्यापुरती दर्याकडे पाठ करायची सवय त्याच्या कितीतरी आधी लावून घेतली होती. तक्रारच करायची तर तिसऱ्यांत एक-दोनदा दाताखाली रेती आली. आणि पाणी पिण्यासाठी दिलेली स्टीलची भांडी इतकी लहान, की सुनेच्या पाच-सहा फेऱ्या झाल्या.

थाळीचे पैसे त्या दिवशीच्या मासळीवर ठरतात, त्यामुळे आकडा लिहून उपयोग नाही. किनाऱ्यावरच्या बिलापेक्षा बरेच कमी झाले.

तुमच्या ओळखीत पेडण्याचं, शिवोलीचं कुणी असेल तर अशी घरं विचारून काढा. ती शोधून सापडत नाहीत. आदल्या दिवशी निरोप द्या, सोमवार टाळा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जा. श्रावणात गेलात तर सुनेचं म्हणणं खरं आहे का ते मला कळवा, काकींच्या समोर नको.