टेबल उलटं करून दाखवा

फर्निचरच्या दुकानात शिरल्यावर मी आधी टेबल उलटं करायला सांगते. आमचे हे तेवढ्यात बाहेर जाऊन मोबाइल बघत उभे राहतात. दुकानातली पोरं एकमेकांकडं बघतात खरी, पण माल चांगला असला की कुणी कां-कूं करत नाही. वरून काय, सगळंच चकचकीत असतंय. कोपऱ्यात नुसते खिळे मारलेत की खाच पाडून लाकडात लाकूड बसवलंय, पायाच्या बुडाशी भुशाचा बोर्ड उघडा पडलाय का, आणि सागवान म्हणून सांगतात त्यातलं किती पांढरं आहे, हे खालूनच कळतं.

पांढरं म्हणजे सालीजवळचं लाकूड. टिकतो तो आतला तपकिरी गाभा. त्यात अंगचंच तेल असतं, वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पांढऱ्याला मात्र ती सोडत नाही. लागवडीतली झाडं कोवळी असतानाच तोडली की गाभा कमी निघतो, मग पॉलिशमध्ये रंग मिसळून सगळं एकसारखं तपकिरी करायचं. खालच्या बाजूला रंग मारायचा कंटाळा बहुतेक सगळेच करतात, हे आपल्या पथ्यावर पडतं.

बेळगावात एक समजूत आहे. दांडेली जवळ, खानापूरचं जंगल जवळ, म्हणजे आपल्याला सागवान स्वस्तात मिळत असणार. पुण्याचे पाहुणे तर हमखास विचारतात. तसं काही नाही. दांडेलीच्या सरकारी डेपोतला माल लिलावात जातो, व्यापारी घेतात आणि आपल्याला वखारीत घनफुटाच्या भावानं मिळतो. ‘पावती नको, आणून देतो’ म्हणणारा भेटला तर तिथूनच नमस्कार करावा.

पण नुसतं लाकूड चांगलं असून भागत नाही. आमच्या घरात सासूबाईंच्या सासूबाईंचं एक फडताळ आहे. त्याच्या दारांना चौकट आहे आणि चौकटीच्या खाचेत मधली फळी नुसती सरकवलेली आहे, खिळा नाही की सरस नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत ती फळी आक्रसते आणि कडेला सुताएवढी पट्टी उघडी पडते, पॉलिश न लागलेली, फिकट. जूनमध्ये पाऊस धरला की फळी फुगून ती पट्टी पुन्हा खाचेत गडप. वडगावच्या घरात चार महिने भिंतींना ओल असते, पण इतक्या वर्षांत ती फळी चिरली नाही, कारण तिला हलायला जागा ठेवली आहे. लाकूड आडव्या अंगानं कमीजास्त होतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ज्यानं ते फडताळ केलं त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

यंदा जेवणाचं टेबल करून घ्यायचं ठरलं तेव्हा गल्लीतल्या सुतारमामांना मी हेच दार दाखवलं. ते बघून मदतनीस पोराशी कन्नडमध्ये काहीतरी बोलले आणि मला म्हणाले, “वैनी, हे असलं करायला वेळ लागतोय. घाई करणार असशीला तर दुकानातलंच आणा की.” घाई नाही म्हटलं. मग त्यांनी टेबलाची वरची फळी खालच्या चौकटीला स्क्रूनं धरली, पण स्क्रूची भोकं गोल न पाडता लांबट पाडली, म्हणजे फळी सरकली तरी स्क्रू अडवणार नाही. उलटं केल्याशिवाय दिसणार नाही असं हे काम.

पिढ्यान्पिढ्या टिकलेली वस्तू मोडत नाही असं थोडंच आहे? फडताळाचा एक पाय सासऱ्यांच्या लहानपणी बदललाय, बिजागऱ्या दोनदा. अशी वस्तू सांधे सोडवून पुन्हा उघडता येते आणि उघडणारा माणूस गावात असतो, म्हणून ती टिकते. फेविकॉल आलं १९५९ साली. त्याआधीचं हे फडताळ सरसानं चिकटवलंय. गरम पाणी आणि वाफ दिली की सरस सुटतो, सांधा मोकळा होतो, परत बसवता येतो. आताचा गोंद एकदा वाळला की सांधा शाबूत सुटेल याचा भरवसा नसतो. भुशाच्या बोर्डात तर स्क्रू एकदा ढिला झाला की भोकच मोठं होतं, आणि पाणी लागलं की कडा फुगते ती फुगलीच. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तसलं घेतलं तर मी नावं ठेवणार नाही. त्यांना दर दोन वर्षांनी जिने चढायचे असतात, आणि सागवानी कपाट उचलायला चार माणसं लागतात.

ज्यांना नवं करून घेणं परवडत नाही त्यांनी कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, बदलीची घरं रिकामी होतात तेव्हा चौकशी करावी. जुनी खुर्ची घेताना बसून बघू नका. मागचे दोन पाय धरून तिरकी हलवा. सांधा कुरकुरला तर भाव पाडा, पण सोडू नका, तो सांधा दुरुस्त होतो. पायाखाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर मात्र आत कीड आहे, ती खुर्ची फुकटातही घरात आणायची नाही.

आमचं टेबल अजून पॉलिशविना आहे. मामा लाखेचं स्पिरिट पॉलिश करतात आणि पावसाळी दमट हवेत ते पांढुरकं पडतं, म्हणून दसऱ्यापर्यंत हात लावणार नाही म्हणालेत. ह्यांना तयार मिळणारं पीयू, म्हणजे प्लास्टिकसारखा थर धरणारं पॉलिश, हवं होतं. त्यावर चरा पडला की सगळा थर खरवडायला लागतो. लाखेचं असलं की तेवढ्याच जागी स्पिरिटचा बोळा फिरवून भागतं. त्यावरून घरात बरीच बोलाबोली झाली. दरम्यान सासूबाईंनी डाग नकोत म्हणून कोऱ्या लाकडावर फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलंय आणि खाली ओल धरतेय. मी सकाळी काढते, त्या दुपारी परत घालतात.